पित्याने विकलेला देह

अद्भुतकथा आणि भयकथा यांच्याकडे आपल्या घरांतून बहुधा दोनच नजरांनी पाहिले जाते. एक तर ती पोरासोरांची करमणूक म्हणून दुर्लक्षिली जाते, नाही तर तीत भुतेखेते असतात म्हणून त्याज्य ठरते. दोन्ही प्रकारांत ती कथा काय सांगू पाहते, हे ऐकून घ्यायचे मात्र राहून जाते. जपानी दिग्दर्शक आकिहिको शिओता यांचा ‘दोरोरो’ हा २००७ साली प्रदर्शित झालेला चित्रपट ऐकून घेण्याच्या योग्यतेचा आहे. त्यात राक्षस पुष्कळ आहेत, रक्तपातही विपुल आहे. परंतु त्यातील सर्वांत भयंकर कृत्य एक माणूस करतो, आणि तो माणूस पिता आहे.

या चित्रपटाचा आधार ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांची त्याच नावाची चित्रकथा. जपानमध्ये अशा चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात, आणि तेझुका हे त्या क्षेत्रातील युगप्रवर्तक मानले जातात. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे. १९४५ साली ओसाकावर झालेले बाँबहल्ले त्यांनी किशोरवयात स्वतः अनुभवले होते. ‘दोरोरो’ची सुरुवात १९६७ साली एका बालसाप्ताहिकात झाली. सरदारांच्या यादवीने पोळलेला देश, ओसाड गावे आणि पोरकी मुले हे तिचे जग होते. मुलांसाठी लिहिलेल्या या कथेत तेझुकांनी मुलांपासून काहीही लपवले नाही.

कथानक थोडक्यात असे. दाइगो कागेमित्सु हा युद्धात जेरीस आलेला सरदार एका देवळात अठ्ठेचाळीस राक्षसांशी करार करतो. त्याला सत्ता हवी आहे. राक्षसांना मोबदल्यात हवा आहे त्याच्या जन्माला येणाऱ्या अपत्याचा देह. बालक जन्मते ते अठ्ठेचाळीस अवयवांना मुकलेले. आई त्याला नदीच्या प्रवाहात सोडते, आणि जुकाई नावाचा एक कनवाळू वैद्य त्याला उचलून घेतो. युद्धात मेलेल्या मुलांच्या अवशेषांपासून तो या जिवासाठी कृत्रिम देह घडवतो. हाच पुढे हियाक्किमारु होतो. त्याच्या कृत्रिम हाताच्या आत तलवार दडवलेली असते. एकेक राक्षस मारला जाईल तसतसा एकेक अवयव त्याला परत मिळणार असतो. वाटेत त्याला दोरोरो भेटते. ती चोर आहे, मुलग्याच्या वेषात वाढलेली, आणि तिच्या आईबापांचा घात कागेमित्सुच्या सत्तेनेच केलेला आहे.

नदीत सोडलेले बालक म्हटले की आपल्याला मोशे आठवतो, आणि महाराष्ट्रातील कोणाही वाचकाला कर्णही आठवेल. तथापि आमच्या मनात अधिक घर करून राहिली ती शास्त्यांच्या ग्रंथातील इफ्ताहाची गोष्ट. रणात विजय मिळावा म्हणून त्यानेही नवस केला आणि त्याची किंमत त्याच्या मुलीने भरली. पण आपण कोणाला देऊ करीत आहोत हे नवस बोलताना इफ्ताहाला ठाऊक नव्हते; ते कळताच त्याने आपली वस्त्रे फाडली. कागेमित्सुला सारे ठाऊक आहे. ज्याला अद्याप वाचा नाही, ज्याचा चेहराही कोणी पाहिलेला नाही, त्याच्या नावे तो सही करतो. जो नकार देऊ शकत नाही त्याच्याकडून वसूल केलेले वैभव हे या कथेचे खरे पाप आहे, आणि ते ओळखायला मनुष्य जपानी असावा लागत नाही.

शिओता यांनी हा विषय निवडावा याचे आम्हांस नवल वाटत नाही. २००५ सालच्या ‘कॅनरी’ या चित्रपटात त्यांनी एका पंथाच्या वसाहतीतून बाहेर काढलेल्या मुलाची कथा सांगितली होती. मोठ्यांच्या निवडीचे ओझे लहानांनी वाहायचे, हा विचार तेथेही होता. ‘दोरोरो’मध्ये तो विचार सर्वांत प्रभावी होतो तो अवयव परत येण्याच्या प्रसंगांत. राक्षस पडतो, कृत्रिम भाग गळून पडतो, खरा अवयव उगवू लागतो, आणि नायक वेदनेने तळमळतो. विजयाच्या क्षणी प्रेक्षक जल्लोषाची अपेक्षा करतो, तेथे दिग्दर्शक यातना दाखवतो. लाकडाचा पाय दुखत नाही, मांसाचा दुखतो. माणूस होणे म्हणजे दुखावले जाण्याची क्षमता अंगी येणे, हे सत्य येथे एकाही संवादावाचून सांगितले गेले आहे. सातोशी त्सुमाबुकी यांनी या प्रसंगांत संयमाने काम केले आहे. दोरोरोच्या भूमिकेतील को शिबासाकी यांचा आरडाओरडा सुरुवातीस कानांस टोचतो, पण हळूहळू त्यामागचे पोरकेपण जाणवू लागते.

दोषही सांगितले पाहिजेत. चित्रीकरणाचा मोठा भाग न्यूझीलंडमध्ये झाला आहे, आणि त्या विस्तीर्ण माळरानांनी चित्राला भव्यता आली असली तरी यादवीने उजाड झालेल्या गावांची घुसमट हरवली आहे. संगणकाने रचलेले राक्षस आज तर हास्यास्पदच वाटतात. एकामागून एक लढाया येत राहतात आणि मधला भाग नुसता हिशेब होऊन बसतो. मूळ कथेत दोरोरो लहान मूल आहे. चित्रपटात ती तरुणी झाली. त्यामुळे दोन टाकलेल्या मुलांनी एकमेकांचे घर व्हावे, हा तेझुकांचा हृदयस्पर्शी धागा प्रणयाच्या शक्यतेकडे झुकतो. मूळ कथेतील आणखी एक कडू सत्य असे की, ज्या गावांना हियाक्किमारु राक्षसांपासून सोडवतो तीच गावे त्याला हाकलून देतात. लढायांच्या गदारोळात या कडूपणाला चित्रपटात पुरेसा वाव मिळत नाही.

आमचा मुख्य आक्षेप शेवटाविषयी आहे. धाकट्या मुलाच्या, ताहोमारुच्या, प्राणांसाठी कागेमित्सु अखेर स्वतःचा देह राक्षसांना देऊ करतो. किइची नाकाई यांच्यासारखा थोर नट हे करतो तेव्हा डोळे पाणावतात. परंतु ज्या मुलाला त्याने विकले, त्याच्यापुढे त्याचे देणे अद्याप फिटलेले नसते. एका पुत्रासाठी केलेला त्याग दुसऱ्या पुत्राच्या हिशेबात जमा होत नाही. पश्चात्ताप खरा असेल तर तो ज्याचा अपराध केला त्याच्या दारात गेला पाहिजे. चित्रपट त्याला आडवाटेने मोकळा करू पाहतो. त्यापेक्षा दोरोरोचा निर्णय आम्हांस मोलाचा वाटतो. आपला सोबती शत्रूचाच पुत्र आहे हे कळल्यावर ती सूड सोडून देते. मातापित्यांचे मरण ती विसरत नाही, पण त्याची वसुली त्या मुलाकडून करीत नाही. कागेमित्सुने पुत्राच्या नावे जे केले, त्याचे हे नेमके उलट आहे, आणि तेही एका चोराच्या हातून व्हावे.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. त्यातील हिंसा त्यांच्यासाठी नाही. मोठ्या मुलांसोबत आईबापांनी तो जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर मुलांना आधी बोलू द्यावे. चित्रपट संपतो तेव्हाही हियाक्किमारुचा देह पुरा झालेला नसतो. त्याच्यापुढे वाट उरते आणि सोबतीला दोरोरो असते. जे बापाने एका रात्रीत विकले ते परत मिळवायला पुत्राचे आयुष्यही पुरत नाही, एवढे जरी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनावर ठसले तरी या चित्रपटाचे काम झाले असे आम्ही म्हणू.