तीस माणसांचे यंत्र : एक समीक्षा

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्राचीही होते. यंत्राची मात्र एक तर जाहिरात होते किंवा गोष्ट सांगितली जाते. ही गोष्ट आपल्या वर्गांत सर्वांच्या परिचयाची आहे. पूर्वी माणसे हाताने काम करत, त्याला फार वेळ लागे. मग एका हुशार माणसाने यंत्र शोधून काढले. आता एकटे यंत्र अमुक इतक्या माणसांचे काम करते. इथे धडा संपतो आणि स्वाध्याय सुरू होतो. या साच्यातून काय काय निसटते ते एका यंत्राच्या आधारे तपासून पाहावे असे आम्हाला वाटले. यंत्र आहे मासे साफ करण्याचे.

स्थळ आहे उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा : अमेरिकेतले वॉशिंग्टन राज्य आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत. मासा आहे सॉकाय जातीचा सॅमन. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचे या माशाशी नाते नाही.) सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. कॅनडातल्या फ्रेझर नदीत हे मासे उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांतच झुंडीने येत, आणि दर चौथ्या वर्षी तर त्यांचा लोंढाच येई. १८९७, १९०१, १९०५, १९०९, १९१३ ही अशी लोंढ्याची वर्षे. काठावरच्या कारखान्यांत हे मासे डबाबंद होत.

घाई कशाची?

मासा मेला तरी त्याच्या पोटातली रसायने काम थांबवत नाहीत. जी पाचक विकरे जिवंतपणी अन्न पचवतात तीच आता आतड्याची भिंत आणि पोटाजवळचे मांस पचवू लागतात. आतड्यातले जीवाणू बाहेर पसरतात. पोट मऊ पडते, फुटते. म्हणून मासा हाती आल्यावर पोट फाडून आतडी काढणे, रक्त धुणे हे पहिले काम. कोळणीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. कारखान्यापुढची अडचण अशी, की लोंढ्याच्या दिवसांत हजारो मासे एकाच वेळी येऊन पडत आणि ते थांबायला तयार नसत. पकडणे जलद, डबे भरणे त्यामानाने जलद. सारे अडे ते कापण्याच्या टेबलाशी.

या टेबलाशी प्रामुख्याने चिनी कामगार असत. डोके, शेपटी, पर कापायचे, पोट चिरायचे, आतडी काढायची, तीही मांस वाया जाऊ न देता. हे कसबाचे काम होते. कुशल माणूस दहा तासांच्या पाळीत दीड ते दोन हजार मासे कापी असे नोंदवलेले आढळते.

१९०३ च्या सुमारास सिएटलच्या एडमंड ए. स्मिथ याने या टेबलासाठी यंत्र तयार केले. त्याची रचना समजायला सोपी आहे. कामगार मासा ठरलेल्या दिशेने आत सारतो. पाते डोके उडवते. मासा एका मोठ्या उभ्या चाकाच्या कडेवर पकडला जातो आणि चाकाबरोबर फिरू लागतो. वाटेत ठरलेल्या जागी पाती बसवलेली असतात. एक पर कापते, एक पोट चिरते. पुढे आतडी खरवडून काढली जातात, ब्रश फिरतात, पाण्याचे फवारे रक्त धुतात. चाकाचा फेरा संपताना साफ मासा बाहेर पडतो. वेग मिनिटाला ६० ते ७५ मासे.

समीक्षकाने आधी गुण सांगावेत. माणूस मासा एका जागी ठेवून हत्यार त्याच्याभोवती फिरवतो. स्मिथने हत्यारे जागच्या जागी ठेवली आणि मासा फिरवला. हाताच्या हालचालीची नक्कल न करता कामाचे तुकडे पाडून ते एका वर्तुळावर मांडले. यांत्रिकी विचाराचा हा उत्तम नमुना आहे आणि मुलांना तो जरूर दाखवावा. १९०९ साली सिएटलच्या मोठ्या प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले, ते योग्यच होते.

तीस हा आकडा

आता दोष. यंत्राच्या जाहिरातींत आणि नंतरच्या लिखाणात ते ‘तीस माणसांचे काम करते’ असे पुन्हा पुन्हा येते. वर दिलेले आकडे घेऊन आपणच गणित करू. मिनिटाला ६० मासे म्हणजे दहा तासांत ३६,०००. मिनिटाला ७५ म्हणजे ४५,०००. यांना माणसाच्या २,००० ने भागले तर उत्तरे येतात १८ आणि साडेबावीस. १,५०० ने भागले तर २४ आणि ३०. म्हणजे तीस हा आकडा खोटा नाही; पण यंत्र सर्वांत वेगाने आणि माणूस सर्वांत सावकाश चालवला तरच तो मिळतो. शिवाय यंत्र दहा तास न अडता चालले आणि त्याला माशांचा पुरवठा एकदाही तुटला नाही, हेही गृहीत धरावे लागते.

दुसरे, या भागाकारात सगळी माणसे मोजलेलीच नाहीत. यंत्रात मासे सारणारे, पाती लावणारे आणि धार करणारे तिथेच उभे असतात. पुढे पाण्याच्या टेबलाशी धुणारे असत. यंत्रातून सुटलेला पर, राहिलेले रक्त, चिकटलेली आतडी हाताने काढावी लागत. ब्रिटिश कोलंबियात हे काम बरेचदा तिथल्या आदिवासी स्त्रिया करत. यंत्र आले तरी हे टेबल उठले नाही. ‘इतक्या माणसांचे काम’ म्हणताना आपण फक्त गेलेली माणसे मोजतो, राहिलेली मोजत नाही.

यंत्राने निवडलेला मासा

तिसरा मुद्दा विज्ञानाचा आहे आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाती ठरलेल्या जागी बसवली की मासाही ठरलेल्या मापाचा लागतो. सॉकाय त्यासाठी सोयीचा. एकच जात, बहुतेक मासे सारख्या वयाचे, आकारात फरक थोडा. यंत्र थोडाफार फरक सांभाळून घेई, पण जाळ्यात येईल तो मासा त्याला चालला नसता. चाकू धरलेला हात पोट कुठे संपते ते बोटांनी चाचपतो आणि प्रत्येक माशाला वेगळा कापतो. यंत्राने हे कसब उचलले नाही. ज्या माशाला त्या कसबाची गरज कमी, तो मासा निवडला.

पुढच्या शंभर वर्षांत हीच वाट रुंद झाली. नॉर्वेत मत्स्यशेतीत वाढवलेला सॅमन कारखान्यात जातो तो साधारण एका मापाचा असतो, आणि मारण्यापूर्वी त्याला काही दिवस उपाशी ठेवून आतडे रिकामे केलेले असते. माशासाठी यंत्र घडवले, तसा यंत्रासाठी मासाही घडवला गेला. दुसरी वाट पाहायला शिकलेल्या यंत्रांची. मूळच्या आइसलँडच्या मारेल कंपनीची यंत्रे क्ष-किरणांनी मांसातले बारीक काटे कुठे आहेत ते शोधतात आणि पाण्याच्या जोरदार धारेने तेवढीच पट्टी कापून काढतात. इथे यंत्र प्रत्येक तुकड्याला वेगळे वागवते. हाताच्या जवळ जाणारी प्रगती ही खरी. तरीही शेवटची छाटणी अनेक ठिकाणी आजही माणसेच करतात.

नाव आणि कायदा

स्मिथचे यंत्र ज्या नावाने विकले गेले ते होते ‘आयर्न चिंक’. ‘चिंक’ ही चिनी माणसाला दिली जाणारी शिवी आहे. म्हणजे ‘लोखंडी’ आणि पुढे शिवी. हे नाव कामगारांनी थट्टेने ठेवलेले नव्हते. ते यंत्रावर झळकत असे. पुढे ‘आयर्न बुचर’ म्हणजे लोखंडी खाटीक हे नाव रूढ झाले. या नावातून ग्राहकाला सांगितले जात होते ते इतकेच, की आता तुम्हाला चिनी माणसे नकोत.

पण माणसे कमी का पडत होती? अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली होती. कॅनडाने चिनी माणसावर प्रवेशकर बसवला : १८८५ साली ५० डॉलर, १९०० साली १०० आणि १९०३ साली एकदम ५००. यंत्र आले तेही १९०३ च्या सुमारास. आधी कायद्याने नवी माणसे अडवली, त्यामुळे कसबी हात दुर्मीळ आणि महाग झाले, मग यंत्र विकत घेणे परवडू लागले. धड्यात मात्र कारण एकच उरते : हुशार संशोधक. आणि यंत्राने चिनी कामगार संपले असेही झाले नाही. ते कारखान्यांत पुढेही होते, त्यांच्याबरोबर जपानी आणि फिलिपिनोही आले.

आपला किनारा

आता आपल्याकडे पाहू. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली खुला झाला. तिथे उतरणाऱ्या जाळ्यात मांदेली, बोंबील, माकूल, कोलंबी एकत्र असते, लहान-मोठी सगळी. एका मापाचे यंत्र इथे अडखळणार हे उघड आहे. पण एवढेच कारण सांगून थांबणे बरोबर नाही. कोलंबी सोलण्याचे रुळांचे यंत्र अमेरिकेत १९४० च्या दशकातच लापेर यांनी बनवले होते. तरी १९८० आणि १९९० च्या दशकांत रत्नागिरी, तळोजे, वेरावळ इथल्या कारखान्यांत केरळहून ठेकेदारामार्फत आलेल्या मुली हाताने कोलंबी सोलत होत्या. बोटे तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात आणि मजुरी सोललेल्या वजनावर. फ्रेझरकाठच्या चिनी कामगारांनाही ठेकेदारच आणत असे आणि त्याला पैसे भरलेल्या खोक्यांवर मिळत. हात स्वस्त असले की यंत्र ‘आपल्याकडे चालणार नाही’ असे वाटू लागते. महाग झाले की तेच यंत्र अपरिहार्य वाटते. दोन्ही वेळा निर्णय यांत्रिकीचा म्हणून सांगितला जातो.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. गारठलेली बोटे आणि चाकूच्या जखमा यांत जपून ठेवण्यासारखे काही नाही. ते काम यंत्राने जरूर घ्यावे. पण वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या वाट्याला गेला हा प्रश्नही यंत्राच्या माहितीचाच भाग आहे. तो समाजशास्त्राच्या तासाला ढकलून विज्ञान पूर्ण शिकवले असे होत नाही.

वर्गात हे सहज करता येईल. बाजारातून वीस बांगडे आणि मिसळ माशांचा एक वाटा आणून मुलांना प्रत्येकाची लांबी मोजू द्यावी. दोन्हींची सरासरी जवळपास येईलही. पण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतले अंतर पाहिले की यंत्र कोणत्या ढिगाला घाबरेल ते मुले आपण होऊन सांगतील. मग पाठ्यपुस्तकातले कोणतेही यंत्र घ्यावे आणि चार प्रश्न विचारावेत. किती माणसांचे काम, हा आकडा कसा काढला? यंत्रासाठी कच्चा माल कसा बदलला? कोणते काम हातालाच राहिले? आणि ते यंत्र नेमके त्याच वर्षी का आले? उत्तरे धड्यात सापडणार नाहीत. ती शोधायला मुलांना कारखान्यात, बाजारात आणि इतिहासाच्या पुस्तकात जावे लागेल, आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही.