रानातली बदली आणि वाटाड्याचं नाव : फोर्सिथ आणि चितमपल्ली एकत्र वाचताना

रानात बदली झालेल्या माणसाचं पुस्तक आपल्याकडे आवडीनं वाचलं जातं. त्याचा साचा आता पाठ झाला आहे. शहरातून आलेला तरुण अधिकारी, पहिल्या रात्रीची भीती, कंदील, ताप, एकटेपणा. मग हळूहळू ओळख, आणि शेवटी बदलीचा हुकूम आला की डोळ्यांत पाणी. साचा खोटा नाही. पण माणूस रानात रुळतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्याला रुळवतं कोण, हा प्रश्न आपण वाचक म्हणून फारसा विचारत नाही. या लेखात तो दोन लेखकांना विचारायचा आहे. एक कॅप्टन जेम्स फोर्सिथ, दुसरे मारुती चितमपल्ली.

ही जोडी विचित्र वाटेल. मधे शंभर वर्षांचं अंतर, भाषा वेगळी, राज्य वेगळं. पण डोंगर एकच आहे. इंदूरहून सिमरोळचा घाट उतरून नर्मदा ओलांडली की निमाड लागतो, आणि खंडव्यापुढे सातपुडा. त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला पचमढी, दक्षिणेकडे मेळघाट. दोन्हीकडे कोरकू राहतात. कोरकू भाषेत ‘कोरू’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच ‘माणसं’. ही भाषा मुंडा कुळातली. शेजारची गोंडी द्राविडी, निमाडी आणि मराठी आर्यकुळातल्या. इथे आलेल्या कोणत्याही साहेबाला, मग तो गोरा असो की आपला, पहिल्याच दिवशी दुभाषा लागणार हे उघड आहे. आमचा प्रश्न त्या दुभाष्यापासूनच सुरू होतो.

फोर्सिथचं पुस्तक

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि तिथलं जंगलखातं उभं राहू लागलं. त्या कामावर नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी फोर्सिथ एक. पुढे त्याने निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचं काम केलं, म्हणजे आपल्या अगदी शेजारचा माणूस. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचं पुस्तक १८७१ मध्ये आलं. त्याच वर्षी, वयाची चाळिशीही न गाठता, तो वारला.

पर्यटनाच्या पत्रकांत ‘फोर्सिथने १८५७ मध्ये पचमढी शोधली’ असं अजून छापलं जातं. यात दोन गफलती आहेत. पहिली सनाची : तो तिथे पोचला १८६२ मध्ये, नवं खातं निघाल्यानंतर. दुसरी ‘शोधली’ या शब्दाची. चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ घेऊन जाणारे यात्रेकरू महाशिवरात्रीला हा डोंगर चढत आले आहेत, आणि त्यांत विदर्भातल्या मराठी माणसांचा भरणा आजही मोठा असतो. ज्या डोंगराला यात्रा भरते तो डोंगर कुणी शोधून काढायचा शिल्लक नसतो. खुद्द फोर्सिथनेही या यात्रेबद्दल लिहिलं आहे. तेव्हा ‘शोध’ त्याच्यापेक्षा पत्रक लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जास्त आहे, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

लेखक म्हणून तो ताकदीचा आहे यात शंका नाही. सागाचा पट्टा कुठे संपतो आणि सालाचा कुठे सुरू होतो, नर्मदेचं वरचं खोरं कसं बदलत जातं, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, हे तो डोळ्यांसमोर उभं करतो. गोंडांच्या लिंगो देवाची कथाही त्याने पुस्तकात घेतली. कलाल आणि सावकार आदिवासींना कसे नागवतात हे त्याने पाहिलं होतं. म्हणून त्याला नुसता शिकारी म्हणून बाजूला टाकता येत नाही.

पण पुस्तकाचं उपशीर्षक बघा. अरण्यं, रानटी जमाती, प्राणी-निसर्ग आणि शिकार, अशी चार नावं एका ओळीत येतात. माणसं त्या यादीत साग आणि गवा यांच्या मधे बसली आहेत. हा शब्दांचा अपघात नाही. पुस्तकाची बांधणीच तशी आहे. फोर्सिथ रानात रुळतो तो तंबू, बंदूक, हत्ती, योग्य महिना आणि योग्य पाणवठा यांच्या हिशेबाने. त्या हिशेबात कोरकू आणि गोंड येतात ते माग काढणारे, हाकारे, ओझी वाहणारे म्हणून. वाट त्यांना ठाऊक होती म्हणून साहेब पोचला. पुस्तकात मात्र पोचण्याचं श्रेय साहेबाच्या चिकाटीकडे जातं.

इथे एक तारीख शेजारी ठेवून वाचायला पाहिजे. १८५८ च्या शेवटी तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांत उतरले होते. हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि पुढे १८६० मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याकडून गेलेलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. देशातल्या पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. म्हणजे फोर्सिथ पचमढीला आला तेव्हा फाशीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पचमढीतला त्याचा ‘बायसन लॉज’ हा बंगला अजून उभा आहे आणि तिथे आता संग्रहालय आहे. तो बंगला उठताना डोंगरातल्या माणसांना सरकार या शब्दाचा कोणता अर्थ ताजा होता, हे लक्षात घेतलं की त्यांच्या बुजरेपणाची वर्णनं वेगळी वाचली जातात. ज्याला साहेबाने स्वभाव म्हटलं, त्यात आठवणीचा वाटा किती होता, हे आपण विचारायला हवं.

ताप आणि बेगार

रानातल्या नोकरीत दोन गोष्टींनी माणूस मोडायचा. एक ताप. फोर्सिथच्या काळी तो वाईट हवेने येतो अशी समजूत होती. डासाचा संबंध सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने दाखवला तो १८९७ मध्ये. तोवर पावसाळ्यात रान सोडायचं आणि क्विनाइन घ्यायचं, एवढाच इलाज. पण रान सोडून खाली यायची सोय अधिकाऱ्याला होती. नाक्यावरच्या गार्डाला आणि पाड्यावरच्या माणसाला ती नव्हती. ‘रानाच्या हवेशी जुळवून घेणं’ हा शब्दप्रयोग वाचताना कोण जुळवून घेत होतं आणि कोण हवापालट करत होतं, एवढं वेगळं काढावं.

दुसरी गोष्ट मजूर. जाळरेषा साफ करायच्या, कूप तोडायचे, वणवा विझवायचा, साहेबाचं सामान पुढच्या मुक्कामाला न्यायचं; हे कोण करणार? म्हणून खात्याने मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात वनग्रामं वसवली. कसायला जमीन द्यायची, ती मालकीची नाही, आणि बदल्यात खात्याचं काम करायचं, अशी ती व्यवस्था. जंगलखात्यातल्या आठवणी सांगणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘गावकरी मदतीला धावून आले’ असं लिहितो. कधी ते खरंही असेल. पण जमीन खात्याच्या मर्जीवर असलेला माणूस धावून आला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या वाक्याखाली दडलेला असतो.

चितमपल्लींचं वेगळेपण

आता मेळघाटच्या बाजूने बघू. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. जन्म १९३२ चा, वनविद्येचं शिक्षण कोइमतूरला. वनखात्यात तीन दशकांहून जास्त नोकरी. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा आणि शेवटच्या काळात मेळघाट. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘चकवाचांदणं’. ही पुस्तकं आपल्या बहुतेकांच्या घरी असतील. त्यांच्या लेखनावर ललित, काव्यमय असे शिक्के बसले आहेत. पण मला त्यांच्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते. ते शिकवणाऱ्याचं नाव घेतात. रानाची पहिली अक्षरं घरातल्या माणसांकडून, आईकडून आणि मामांकडून मिळाली, हे आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगतात. नवेगावबांधला आले की माधवराव पाटील हे त्यांचे गुरू होतात. खात्याचा अधिकारी गावच्या पाटलासमोर विद्यार्थी म्हणून बसतो. तिथला तलाव बांधला तो कोहळी समाजाने, सरकारी जंगलखातं जन्मायच्या कितीतरी आधी. तेव्हा त्या जागी शिकण्याची योग्य बाजू कोणती, हे लेखकाने बरोबर ओळखलं.

दुसरं, ते शब्द उचलतात आणि मूळ धन्याचं देणं मान्य करतात. पक्ष्याला धीवर काय म्हणतो, झाडाला गोंड काय म्हणतो, हे विचारून ते मराठीत आणतात. पुढे त्यांनी पक्षिकोशासारखं कामही केलं. फोर्सिथकडेही स्थानिक नावं आहेत, पण ती इंग्रजी नावाच्या मागे चालतात. चितमपल्लींकडे स्थानिक नाव पुढे आणि शास्त्रीय नाव मागे. एवढ्याशा क्रमबदलाने कुणाचं ज्ञान मूळ आणि कुणाचं टिपण, हे बदलून जातं. रानात रुळणं म्हणजे आपल्या भाषेला शिकवणी लावणं, असा अर्थ त्यांच्या पुस्तकांतून निघतो. आणि तो मराठीत त्यांच्याइतका कुणी काढलेला नाही.

वाघांच्या गणतीचंच घ्या. पाऊलठशांवरून वाघ मोजायची पद्धत कागदावर शास्त्रीय होती, पण ठसा आधी दिसायला हवा. आणि तो ज्याच्या डोळ्याला दिसायचा त्याच्या अंगावर खात्याचा गणवेश असेच असं नाही. गणतीचा आकडा अहवालात जातो, डोळा जात नाही. चितमपल्लींच्या लेखनात तो डोळा निदान दिसतो.

जिथे तेही थांबतात

आता कौतुकाच्या पुढे जायला हवं. माझ्या वाचनात चितमपल्लींचं रान बहुतेक वेळा समेटाचं रान आहे. खात्यातल्या माणसांशी झालेले खटके ते लिहितात, स्वतःला झालेला त्रासही लपवत नाहीत. पण खातं आणि रानातला माणूस यांच्यातला झगडा त्यांच्याकडे त्या मानाने मंद आवाजात येतो. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता. प्रकल्पाबरोबर चराई, मोहफुलं, जळण, गावांचं हलवणं असे प्रश्न आले. नव्वदीच्या दशकापासून मेळघाट हे नाव महाराष्ट्राने वाघापेक्षा बालमृत्यूंच्या बातम्यांत जास्त ऐकलं. ज्या माणसाने कोरकूकडून शब्द घेतले, त्याच्याकडून या बाजूचं साक्षीपुराण जास्त सविस्तर मिळायला हवं होतं, असं वाटत राहतं. अपेक्षा त्यांच्याकडूनच आहे, कारण दुसऱ्या कुणाची ती पात्रता नव्हती.

यावर कुणी म्हणेल, लेखक निसर्गावर लिहीत होता, त्याला समाजशास्त्र कशाला विचारता? उत्तर सोपं आहे. ज्याने गुरूचं नाव सांगितलं, त्याने गुरूच्या घराचं काय झालं हा प्रश्न आपणच जागा केला. फोर्सिथ वाचताना तो पडतच नाही. चितमपल्ली वाचताना पडतो, हेच त्यांचं मोठेपण. आणि त्याचं पुरतं उत्तर मिळत नाही, ही त्यांची मर्यादा.

आपल्या घरातले कागद

हे सगळं आपल्या मंडळापुढे ठेवायचं कारण वाङ्मयीन नाही. इंदूर, खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल या पट्ट्यातल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जंगलखात्यात, महसुलात, रेल्वेत, शाळाखात्यात गेली. पेट्यांत दैनंदिन्या आहेत, पत्रं आहेत, बंगल्याच्या पायरीवर काढलेले फोटो आहेत. फोटोत साहेबांचं नाव मागे लिहिलेलं असतं, शेजारच्या माणसाच्या जागी ‘गार्ड’ किंवा ‘चौकीदार’ एवढंच, कधी तेही नाही.

असे कागद मंडळाकडे आले की आपण आजवर पाहिलं ते मुक्कामाचं गाव, साल आणि अधिकाऱ्याचा हुद्दा. त्यात आता तीन रकाने वाढवावेत. वाट कुणी दाखवली? कोणता शब्द कुणाच्या तोंडून आला? काम मजुरीवर झालं की बेगारीवर? घरातली वडीलधारी मंडळी अजून आहेत, त्यांना फोटो दाखवून विचारता येईल. एखाद्या काकूंना चौकीदाराचं नाव पटकन आठवतं, कारण लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तोच असतो.

रानातल्या बदलीचा इतिहास साहेबाच्या जुळवून घेण्यावर संपत नाही. ज्यांनी त्याला जुळवून घेतलं, त्यांची नावं कागदावर येईपर्यंत तो अर्धाच राहील. फोर्सिथच्या पुस्तकात ती भरायला आता उशीर झाला आहे. आपल्या पेट्यांतल्या कागदांना अजून झालेला नाही.