झाकलेलं पिस्तूल नेमकं कुणापासून झाकलेलं? एक पुस्तक परभणीतून वाचताना

पीएच.डी.चा विषय निवडताना आपण एक गोष्ट हमखास करतो. परदेशातलं गाजलेलं पुस्तक घेतो, त्यातली संकल्पना उचलतो आणि शीर्षकाच्या शेवटी 'परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' असं जोडून देतो. मग समितीपुढे आराखडा ठेवला की पहिलाच प्रश्न येतो, "हे इथं लागू होतं का?" आणि आपण गप्प. आज एक पुस्तक घेऊन हाच प्रश्न सोडवून बघू.

पुस्तक आहे जेनिफर कार्लसन यांचं 'सिटिझन-प्रोटेक्टर्स'. २०१५ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं. क्षेत्रकार्य अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं, डेट्रॉइट आणि आसपासचं. मोटारीचे कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, पोलीस वेळेवर येतील हा भरवसा उरला नाही. अशा ठिकाणी साधी नोकरदार माणसं पिस्तूल कमरेला लावून रोजचे व्यवहार का करतात, हा लेखिकेचा प्रश्न. त्या प्रश्नावली वाटून मोकळ्या झाल्या नाहीत. मुलाखती घेतल्या, प्रशिक्षण वर्गात बसल्या, स्वतः परवाना काढला, पुढे प्रशिक्षकही झाल्या. सहभागी निरीक्षण कशाला म्हणतात, हे नेट-सेटच्या नोट्समधून कळत नसेल तर हे पुस्तक जरूर वाचा.

पुस्तकाची ताकद कशात आहे? बंदुकीबद्दल माणसाचं मत काय, एवढ्यावर लेखिका थांबत नाहीत. ती जवळ बाळगण्याची रोजची सवय त्या बघतात. ही सवय समजून घ्यायला अर्व्हिंग गॉफमनचं १९६३ सालचं 'स्टिग्मा' सोबत ठेवा. गॉफमन दोन प्रकारची माणसं सांगतो. एकाचं 'वेगळेपण' समोरच्याला आधीच दिसलेलं असतं. दुसऱ्याचं अजून दिसलेलं नसतं, पण कधीही उघड होऊ शकतं. या दुसऱ्या माणसाला सतत माहिती सांभाळावी लागते. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, कुणी मिठी मारायला आला तर काय करायचं, हातानं वरचं सामान काढताना शर्ट वर गेला तर काय. पिस्तूल झाकून फिरणारा माणूस बरोबर या दुसऱ्या गटात बसतो. कार्लसन आणखी एक गोष्ट नीट दाखवतात. लपवण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कृष्णवर्णीय पुरुषाच्या खिशात परवाना असला, तरी पोलिसाच्या नजरेत तो आधी संशयित असतो.

आता माझा आक्षेप. लपवणं ही एकट्याची गोष्ट नसते. त्याला दोन बाजू लागतात, लपवणारा आणि ज्याच्यापासून लपवलं तो. कार्लसन यांच्या पुस्तकाचा मुख्य आधार पिस्तूल बाळगणाऱ्यांच्या मुलाखती हा आहे. शेजारी, दुकानातला कॅशियर, सोबत काम करणारी बाई, यांना खरंच काही कळत नव्हतं का? की कळूनही ते बोलत नव्हते? ही बाजू पुस्तकात फार कमी येते. म्हणजे 'कुणाला कळलं नाही' हे आपण बाळगणाऱ्याच्याच तोंडून मानून घेतो. मिशिगनमध्ये हे काही अंशी चालून जातं. तिथं २००१ च्या कायद्यानंतर अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना नाकारण्याची अधिकाऱ्यांची मोकळीक बरीच कमी झाली. परवाना हा जवळजवळ हक्क झाला. त्यामुळे तो झाकून ठेवणं हा शिष्टाचाराचा भाग मानता येतो.

आपल्याकडे मात्र इथंच गाडं अडतं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना हा हक्क नाही. पोलिसांचा अहवाल जातो, जिल्हाधिकारी विचार करतात, मग देतात किंवा नाकारतात. स्वसंरक्षणासाठी हवा असेल तर जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असावं. ते मिरवायला आणि उगाच बार काढायला बंदी. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नावरातीत निष्काळजीपणे बार काढण्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. थोडक्यात, अर्ज करताना माणसानं भीती सिद्ध करायची आणि मिळाल्यावर ती वस्तू झाकून ठेवायची, अशी कायद्याची कल्पना.

व्यवहारात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. परवाना मिळणं हीच साहेबांपर्यंत पोच असल्याची खूण. मग ती खूण पूर्ण झाकून काय उपयोग? शर्ट बाहेर काढलेला असतो, पण उंचवटा दिसेल इतपतच. पंगतीला मांडी घालून बसताना कंबर जरा सावरली जाते, आणि बाजूचा माणूस समजायचं ते समजतो. कायद्याच्या भाषेत ते झाकलेलं आहे. गावाच्या भाषेत ते दाखवलेलं आहे. गॉफमनचा माणूस उघड होण्याला घाबरतो. आपल्याकडचा हा माणूस अर्धवट उघड होण्यावरच जगतो. म्हणून 'स्टिग्मा'ची चौकट जशीच्या तशी इथं बसवली, तर निष्कर्ष उलटा निघेल.

आता आकड्यांकडे या. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शस्त्र परवान्यांचे आकडे मांडले : बीड १,२२२, अमरावती ग्रामीण २४३ आणि आपलं परभणी ३२. पुढे बीडमध्ये शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. प्रश्न विचारणं आवश्यकच होतं. पण संशोधक म्हणून तुम्ही हे आकडे थेट प्रबंधात घालणार का?

आधी भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ आणि परभणीची १८,३६,०८६. म्हणजे लाखामागे बीडमध्ये साधारण ४७ आणि परभणीत पावणेदोन परवाने. नुसत्या आकड्यांत ३८ पट दिसणारा फरक २७ पटांवर येतो. तरी तो प्रचंडच आहे. अमरावतीला मात्र हा भागाकार करू नका. तिथं शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे, आणि २४३ हा फक्त ग्रामीणचा आकडा आहे. पूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या खाली घेतली की उत्तर चुकलं.

पुढचा मुद्दा याहून महत्त्वाचा. परवाना म्हणजे पिस्तूल नव्हे. त्यात बँकेच्या रखवालदाराची बारा बोअर येते, निवृत्त जवानाची बंदूक येते. एका परवान्यावर दोन शस्त्रं असू शकतात. गावठी कट्टा तर कुठल्याच यादीत नसतो. त्यामुळे 'परभणीत ३२' या आकड्यावरून गंगाखेडच्या लग्नात किती कमरा जड आहेत हे कळत नाही. उलट, आकडा जितका लहान तितकं त्यातल्या प्रत्येक परवान्याचं वजन गावात जास्त, असंही असू शकतं. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तपासायचं ते हेच.

कसं तपासायचं? 'तुम्ही शस्त्र कसं लपवता?' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'कुणापासून झाकलं आणि कुणाला कळू दिलं?' हा प्रश्न धरा. पोलिसांपासून परवानाधारक लपलेला नसतोच. निवडणुकीत शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतली जातात, तेव्हा यादी हाताशी असते. मग उरतात कोण? शेतात कामाला येणारा मजूर, उसनवारी घेतलेला शेतकरी, ग्रामसभेत हात वर करणारी बाई. कार्लसन यांनी न विचारलेली बाजू ती हीच.

पण इथं एक इशारा. मिशिगनमध्ये शेजाऱ्याला हा प्रश्न विचारला तर तो फार तर दार लावून घेईल. आपल्याकडे उत्तर देणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं. त्याचं नाव बदललं, पण गाव, जात आणि शेताची दिशा लिहिली, तर गावाला तो माणूस ओळखू येतोच. म्हणून आराखड्यात नीतिमत्तेचा परिच्छेद शेवटी चिकटवू नका. नमुना निवडण्याआधी ठरवा की काय लिहायचंच नाही. आपला प्रबंध वाचनालयात पडून राहील, पण ज्यानं तोंड उघडलं त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावरून जायचं असतं.