चौकटीतली आजी

आजीचे स्मृतिचित्र आदिलाबादेतच एका पेन्सिल-चित्रकाराकडून काढवले. फोटोवर चौकटी आखून त्याच मोठ्या प्रमाणात कागदावर घेतल्या, म्हणून नाक-डोळे जागच्या जागी आले. ६बी पेन्सिलीने लुगड्याचा काठ तर फर्मास वठला आहे! पण फोटो जिथे पुसट, तिथे त्यांनी पदरचे घातले. सुरकुत्या घासून गुळगुळीत केल्या, कपाळावरचे गोंदण उडवले. ४० वर्षांची तेलुगू शेजारीण विचारते, ‘ईमे एवरू?’ जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्याच मार्लवाईला राहून हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात गोंडांचे फोटो काढले. त्यांतले चेहरे असे धुतलेले नाहीत. पुसट जागी कागद कोरा ठेवला असता, तरी आजी ओळखू आली असती. यंदा सर्वपित्रीला हार आम्ही जुन्या फोटोलाच घातला.