‘शाळेची गुणवत्ता’ आणि माध्यमभाषा

विकसनशील देशांतील शिक्षणाच्या अभ्यासात हाइनमन व लॉक्सली यांच्या १९८३ च्या निबंधाला मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन-अहवालाने विद्यार्थ्याच्या यशापयशात शाळेपेक्षा घराचा वाटा मोठा ठरविला होता. उलट, देश जितका निर्धन तितका शाळेचा प्रभाव अधिक, असे प्रतिपादन या लेखकद्वयाने २९ देशांच्या सामग्रीवरून केले. २००२ मध्ये बेकर, गोसलिंग व लटेंड्र यांना आठव्या इयत्तेच्या सुमाराच्या विद्यार्थ्यांबाबत हा भेद बव्हंशी ओसरलेला आढळला. वाद झाला तो प्रभावाच्या मापाविषयी. ‘गुणवत्ता’ या संज्ञेच्या व्याप्तीविषयी नव्हे. पुस्तके, साधने, शिक्षकाची तयारी ही अंगे तीत मोजली गेली; शिक्षकाची भाषा विद्यार्थ्याला कळते काय, हा प्रश्न मात्र दुय्यम राहिला.

या उणिवेचे गांभीर्य टांझानियात दिसते. तेथील सरकारी प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली, माध्यमिक शाळेचे इंग्रजी. १९८२ मध्ये मक्वेटा आयोगाने माध्यमिक स्तरावरही स्वाहिलीची शिफारस केली. ती अंमलात आली नाही. १९८४ मध्ये क्रिपर व डॉड यांनी बहुसंख्य विद्यार्थ्यांचे इंग्रजी विषयज्ञानास अपुरे असल्याचे दाखविले, आणि तरीही इंग्रजी माध्यमच राखावे असे सुचविले! पुढे २००४ पासून माध्यमिक शाळांचा झपाट्याने विस्तार झाला. २०१२ च्या ‘फॉर्म फोर’ परीक्षेत ६० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरले. शासनाला तो निकाल रद्द करून फेरआकारणी करावी लागली.

या अपयशास केवळ भाषाच कारण होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. शिक्षकांची व साधनांची टंचाईही तेथे होतीच. परंतु शिक्षक स्वाहिलीत समजावतो, फळ्यावर इंग्रजीत लिहितो आणि विद्यार्थी ते पाठ करतो, अशा वर्गातील उत्तरपत्रिका जीवशास्त्राचे ज्ञान मोजते की इंग्रजीचे, हे गुणांवरून सांगता येत नाही. जे माप दोन वस्तूंत भेद करू शकत नाही, त्यावर शाळेच्या प्रभावाचा सिद्धांत कसा उभारावा?

पालकांना इंग्रजी हवी असते, हा आक्षेप वाजवी आहे. तथापि भाषा विषय म्हणून शिकणे निराळे आणि तिच्यातून इतर विषय शिकणे निराळे. समान काठिण्याचे प्रश्न त्याच विद्यार्थ्यांना दोन्ही भाषांत विचारून उत्तरांतील अंतर पाहणे, ही किमान कसोटी होय. ती लावल्यावाचून विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहिणे शास्त्रीय नाही, आणि न्याय्य तर नाहीच.