हिरमोड, नाउमेद आणि खच्ची

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नेतो म्हणून कबूल केलेला बाप ऐन सकाळी शेताकडं निघून गेला, की पोराचा होतो तो हिरमोड. 'हीर' म्हणजे केरसुणीची काडी. व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी. माझ्या कानाला या शब्दात ती बारीक काडी मोडल्याचा आवाज येतो. पण संध्याकाळी हातावर रेवड्या पडल्या की हिरमोड संपतोही.

निराशा मात्र वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. तिला बाजूला ठेवू.

नांदेड-लातूरकडं जास्त वजनाचा शब्द म्हणजे नाउमेद. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळं हा फारसी शब्द इथल्या तोंडात घरच्यासारखा बसतो. आशा आणि उमेद एकच असं कोश म्हणोत, पण आपण 'उमेदीची वर्षं' म्हणतो, 'आशेची वर्षं' म्हणत नाही. आशा कशाची तरी असते: पावसाची, निकालाची, सोयाबीनच्या भावाची. उमेद अंगात असते. म्हणून दुबार पेरणीची वेळ आलेला शेतकरी निराश असला, तरी नाउमेद असेलच असं नाही. तिफण पुन्हा जुंपतोच की!

आणि खच्चीकरण. आता सभांच्या भाषणात, कचेरीच्या तक्रार अर्जात भेटणारा हा शब्द मूळचा गोठ्यातला. देवणी आणि लालकंधारी बैलांच्या या मुलखात तरी त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागू नये. गोऱ्हा खच्ची केला की मरत नाही, आजारीही राहत नाही. उलट जन्मभर नीट औत ओढतो. फक्त त्याची मस्ती जाते. या शब्दाची सारी क्रूर अचूकता इथं आहे: खच्ची झालेला माणूस वेळेवर कामाला येतो, सांगितलेलं करतो, आणि कुणालाही काही बिघडलंय असं वाटत नाही. हिरमोड बहुधा नुसता होतो. खच्चीकरण कुणीतरी करावं लागतं.

लातूरला 'नीट'च्या तयारीला ठेवलेल्या मुलाला निकालाच्या दिवशी गावाकडून बाप फोनवर म्हणतो, "हिरमोड झाला तर झाला, नाउमेद होऊ नको." हे वाक्य मी इंग्रजीत घालून पाहिलं. दोन्ही ठिकाणी 'डिस'नंच सुरू होणारा शब्द आला.