प्रतिस्पर्धी सेनापती आणि मराठी क्रियापद

युरोपच्या इतिहासातील सेनापतींच्या जोड्या शिकविताना अध्यापकाचे लक्ष सामान्यतः व्यूह, सैन्यसंख्या आणि परिणाम यांवर असते. ज्या भाषेतून हे कथन होते ती भाषा त्याच्या आधीच निवाडा देऊन मोकळी होते, ही गोष्ट फारशी विचारात घेतली जात नाही. मराठीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. याचे कारण असे की, मराठीत व्यक्तीविषयी वाक्य रचताना एकवचन की आदरार्थी बहुवचन, याची निवड बहुधा टाळता येत नाही.

नेपोलियन आणि वेलिंग्टन ही नित्याची जोडी घ्यावी. दोघांचा जन्म १७६९ चा. रणांगणावर प्रत्यक्ष गाठ मात्र एकदाच, १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे पडली. या जोडीतील एक पुरुष महाराष्ट्राच्या इतिहासात बारा वर्षे आधीच येऊन गेला आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहातून उद्भवलेल्या युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. त्याला ‘वेलिंग्टन’ हा किताब १८०९ मध्ये मिळाला. एका प्रकरणात ‘वेलस्ली’ आणि दुसऱ्यात ‘वेलिंग्टन’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोघे एकच, असे कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. त्यातच गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हा त्याचा वडील बंधू असल्याने घोटाळा दुणावतो. ठाण्याच्या कोपरीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला वसई जवळची आणि वॉटर्लू दूरचे वाटते. वास्तविक एकाच सेनापतीच्या चरित्राने ही दोन्ही नावे जोडलेली आहेत.

आता वचनाकडे वळू या. ‘दौलतराव आले’, पण ‘वेलस्ली आला’. ‘दौलतरावांनी पाहिले’, पण ‘वेलस्लीने पाहिले’. दुसऱ्या जोडीत क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. तरीही ‘नी’ आणि ‘ने’ या प्रत्ययांतून आदराचा भेद टिकून राहतो. यावरून एकवचन हे शत्रुत्वाचे चिन्ह आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो टिकत नाही. असई येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे होते. तो मराठ्यांच्या बाजूने लढला, तरी मराठी गद्यात ‘पोलमन आला’ असेच लिहिले जाते. नेपोलियनविषयी मराठी वाचकाला कौतुक आहे, तरी ‘नेपोलियन हरला’ असेच तो म्हणतो. उलट ‘आई आली’, ‘विठोबा पावला’ येथील एकवचन निकटतेचे आहे. म्हणजे एकवचनाचे मूळ द्वेषात नाही. ते अंतराचे माप आहे. अतिनिकट आणि अतिदूर या दोन्ही टोकांना ते आढळते. मधल्या, सामाजिक मर्यादेच्या पट्ट्यात बहुवचन नांदते.

अडचण उद्भवते ती तुलनेच्या वेळी. एका बाजूस बहुवचन आणि दुसऱ्या बाजूस एकवचन ठेवून केलेली तुलना आरंभापासूनच तिरकी असते. यावर सर्वांना सरसकट बहुवचन लावावे, असा उपाय सुचविला जाईल. पण ‘नेपोलियन हरले’ हे मराठी कानाला उपरे वाटते. रूढी आज्ञेने बदलत नाही. अध्यापकाने वचन बदलण्यापेक्षा ते विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे, हेच अधिक फलदायी होय.

यापेक्षा अधिक सावधगिरी शब्दनिवडीत हवी. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. दोन्ही ठिकाणी ‘घेतला’ लिहिले तर घटना कळते. पहिल्या ठिकाणी ‘मुक्त केला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बळकावला’ लिहिले तर लेखकाची बाजू कळते. बाजू घेण्यास हरकत नाही. परंतु तिचे समर्थन पुराव्याने व्हावयास हवे. क्रियापदाच्या आडून ते होऊ नये.

असईची लढाई या दृष्टीने उत्तम पाठ ठरेल. दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान करून वेलस्लीने केळणा नदी ओलांडली. त्यावर पोलमनने आपली फळी वळवून नव्या दिशेने उभी केली. शिंद्यांच्या तोफांनी कंपनीच्या फौजेची जबर हानी केली. तिची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. हे सर्व नोंदल्यावर ‘मराठे पळाले’ एवढे एकच वाक्य अपुरे ठरते, आणि ‘इंग्रज दैवाने वाचले’ हेही तितकेच अपुरे ठरते.

प्रतिस्पर्ध्याची बुद्धी मान्य केल्याने आपला पराभव लहान होत नाही की मोठाही होत नाही, तो समजतो. सेनापतींची तुलना शिकविण्याचे प्रयोजन तेच असेल, तर तिचा पहिला धडा नकाशाच्या आधी वाक्यात गिरवावा लागेल.